आला की आलो

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार
हडपसर

कल्याणी,

सगळं बदललं ते पाच जानेवारीला, रविवारी, दुपारी सव्वाचारला. खडकवासल्याहून परत येताना, कणीसवाल्यांच्या गाड्या संपून रस्ता जिथं वळतो तिथं, तू माझ्या गाडीवरून उतरलीस. ती उतरलेलीच आहेस. फोन ब्लॉक, इन्स्टा ब्लॉक, आईच्या फोनवरून लावला तर तोही ब्लॉक. माझ्या आईनं तुझं काय वाकडं केलं होतं? म्हणून पत्र. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

फलटणचा पत्ता पायलकडून घेतला. म्हणजे तिनं दिला नाही, तुमच्या हॉस्टेलच्या गेटवर उभं राहून भांडून घेतला. तुझ्या रूममेटवर ओरडलो, सॉरी. पण ती पण फार शहाणपणा करते.

तू जाताना तिच्याकडे ठेवलेली चिठ्ठी मिळाली. ‘सोमवार, संध्याकाळी सात. कोथरूड.’ मग शाळेचं नाव. ‘पहिला मजला, खोली नंबर चार. जायचं तर जा.’ संपलं. दोन वर्षांच्या ओळखीवर एवढंच? आणि अक्षर तरी काय ते! बालवाडीतल्या पोरानं काढल्यासारखं वेडंवाकडं. माझ्यासाठी दोन मिनिटं नीट बसून लिहिणंही जड झालं का?

तिथं कसल्या सभा होतात ते मला कळलं. मी तसला नाही. मी गटारात पडत नाही, मी घरी येतो. तरीही तुझा शब्द म्हणून नेटवर शोधलं. दारू सोडणाऱ्यांसाठी मदतीचा एक नंबर असतो, तो लावला. एक म्हातारा आवाज आला.

“कुठं राहता?”

“हडपसर.”

“मग हडपसरला पण मीटिंग आहे की. मंगळवारी, शुक्रवारी. घरून चालत जाल.”

“तिकडं नको. ओळखीचे लोक आहेत.”

“पिऊन जाताना बघितलंय का त्यांनी तुम्हाला?”

“बघितलं असेल.”

“मग न पिता जाताना पण बघतील. बिघडलं काय?”

हल्ली फोन आपटताही येत नाही. लाल बटण जोरात दाबलं, तेवढंच.

कॉलेज मी सोडलं. त्यांनी काढलं असं पायल सांगत असेल तर ते खोटं आहे. तिसऱ्या वर्षात मी स्वतः सोडलं.

तुझी परीक्षा कशी झाली? नको सांगूस.

तुझाच (तू म्हण किंवा नको म्हणू),
प्रज्ञेश


४ मार्च, मंगळवार

कल्याणी,

गेलो. काल गेलो. आणि तू मला तोंडावर पाडलंस.

दीड तास बस. एक बदलावी लागते, दुसरीत उभं राहावं लागतं. शाळेचा वॉचमन काही विचारत नाही, नुसतं वर बोट दाखवतो, म्हणजे कोण कशाला येतं ते त्याला पाठ आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत दिवा होता, चार आणि पाच. तुझ्या चिठ्ठीत चार. मी चारमध्ये गेलो.

आत सहा-सात बायका आणि कोपऱ्यात एक टक्कल पडलेले काका. मला वाटलं, कोथरूड आहे, इथं बायकाही पीत असतील. चौथीच्या पोरांच्या बाकांवर सगळे गुडघे बाहेर काढून बसलेले. मी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. एकेक जण बोलायला लागलं. पहिल्या बाई, साठीच्या पुढच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी: “मी श्यामला. माझ्या घरी पीत असत.” दुसऱ्या: “माझा मुलगा पितो.” काका: “जावई पितो.”

तिसऱ्याला माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पिणाऱ्यांची खोली नाहीच. ही त्यांच्या घरच्यांची. पिणारे शेजारी, पाचमध्ये! एमपीएससीचा एवढा अभ्यास करतेस, आणि चार लिहायचं की पाच ते कळलं नाही?

तेव्हाच उठायला हवं होतं. पण दार अगदी पुढं, श्यामलाताईंच्या खांद्याशी, आणि एवढ्यात माझी पाळी आली. म्हणालो, “मी प्रज्ञेश.” सगळे थांबले. “पितो,” मी म्हणालो. “रोज पितो. कॉलेज सोडलं. घरात कुणाशी धड बोलत नाही.”

खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ‘मी’ म्हणालो नव्हतो.

“कोण, भाऊ का?” श्यामलाताईंनी विचारलं.

मान हलली माझी. हो अशी हलली.

“थोरला की धाकटा?”

“जुळा.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “बरं,” म्हणाल्या.

एक गोष्ट मला कळली नाही. पाचमधून सारखा हसण्याचा आवाज येत होता. पिणारे हसतायत आणि ज्यांनी थेंब घेतला नाही ते इकडे तोंड पाडून बसलेत.

आवाज येतो कारण चार नंबरचं दार नीट लागत नाही. निघताना मी ते ढकललं, तर परत उघडलं. बाहेर व्हरांड्यात एक म्हातारबाबा दोन्ही खोल्यांसाठी चहा ओतत होते. पांढरी दाढी, गोल टोपी, बाकावर खजुराची पुडी. रमजान चालू आहे ना. रोजा सोडायचा आणि लगेच चहा टाकायचा, असं त्यांचं महिनाभर चालणार. दादामियाँ म्हणतात त्यांना.

“उचलून ओढ बेटा,” ते म्हणाले. “नुसतं ढकलून ते दार कधी लागलं नाही.” मग कप पुढं करत, “चार नंबर का पाच नंबर?”

आवाज ओळखला मी. फोनवरचा तोच.

“चार,” मी म्हणालो.

“हं. चहा एकच आहे.”

काल सकाळपासून घेतली नव्हती. घरी आल्यावर घेतली. थोडी.

प्रज्ञेश


१८ मार्च, मंगळवार

कल्याणी,

तीन सोमवार झाले. तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतंय. तुझे बाबा घेऊन फाडत असतील तर: काका, नमस्कार, फाडायच्या आधी तिला दाखवा.

दमलोय मी. नुसता बसून दमतो. दिवसभर काही करत नाही आणि संध्याकाळी अंग असं दुखतं की कुणी गोण्या उचलायला लावल्या असाव्यात. बाबा ऑफिसातून येतात, चपला काढतात, माझ्याकडं बघत नाहीत. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढते.

सोमवारी तेवढा बाहेर पडतो. खरं सांगू? त्या खोलीत जुळ्याबद्दल बोलायला मला आवडायला लागलंय. इकडं माझा मला राग येतो, तिकडं त्याची कीव येते. मी सांगतो, “हातात काही राहत नाही, सारखा चिडतो, एका मुलीवर जीव टाकतो आणि तिच्याशीच भांडतो,” आणि त्या बायका माना हलवतात. एकीनं तर मला घरून डबा आणून दिला. “भावाचं करून करून तुझंच जेवण राहत असेल,” म्हणाली. मेथीचे पराठे होते. ते पिणाऱ्यानंच खाल्ले.

श्यामलाताईंचे मिस्टर सात वर्षांपूर्वी गेले. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या. मी चहाला विचारलं, “मग आता का येता?”

“त्यांची सवय त्यांच्याबरोबर गेली. माझी राहिली,” त्या म्हणाल्या. “अजून जिन्यात चप्पल वाजली की हातातलं काम थांबतं. सरळ वाजतेय की फरपटत, ते आधी ऐकते. वर कुणी राहतच नाही आता. पोस्टमन असतो.”

त्या दिवशी घरी जिना चढताना मला माझ्या चपला ऐकू आल्या. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी दार वाजवलं, मग परत सुरू झाला.

तुझ्या सोमवारांवरून आपण केवढे भांडलो, आठवतं? “सोमवारी टेस्ट असते,” म्हणायचीस. कसली टेस्ट दर सोमवारी, संध्याकाळी सहानंतर, फोन बंद ठेवून? ऑगस्टमध्ये मी तुझ्या अभ्यासिकेत येऊन तुझ्या शेजारच्या मुलाची कॉलर धरली होती. सगळी पोरं पुस्तकं मिटून बघत होती, आणि तो बिचारा म्हणत होता, “दादा, मी फक्त हायलायटर मागितला.” अजून मला माहीत नाही तू कुणाला भेटायचीस. आता मलाही सोमवार आहे. फिट्टंफाट.

तू पडलीस त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. डावा हात होता ना? हात बरा असेल आता.

प्र.


१ एप्रिल, मंगळवार

कल्याणी,

काल ईद होती. दादामियाँ कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते आणि किटलीत चहाऐवजी शीरखुर्मा. “आज घरी पाहुणे, सून ओरडत होती,” ते सांगत होते. “मी म्हटलं, नऊ वर्षांपूर्वीच्या ईदला मी कुठं पडलो होतो ते तुला माहितेय का? त्याच्यापेक्षा आज कुठं चाललोय ते बरं.” पाचमधले सगळे येऊन त्यांची गळाभेट घेत होते. मलाही मिठी मारली. “ईद मुबारक, चार नंबर.”

मग मीटिंग. सुरुवातीला तिथं एक पान वाचतात, घरच्यांसाठीचं. प्लास्टिकमध्ये घातलेला फुलस्केप आहे, हातानं लिहिलेला. तो फिरतो, दर वेळी वेगळं माणूस वाचतं. माझ्याकडं आला की मी न बघता पुढं सरकवायचो, चष्मा नाही म्हणून. काल श्यामलाताई म्हणाल्या, “तुमच्या वयाला कसला चष्मा? वाचा.”

घेतला हातात.

डावीकडं झुकलेलं अक्षर. ‘ण’ला ती तुझी उगाचची शेपटी. शाईवरून हात फिरून पुसलेली रेघ, डावखुऱ्यांची असते तशी. कल्याणी, दोन वर्षं मी तुझ्या नोट्स झेरॉक्सला नेल्यात.

वाचलं मी. ‘त्याचं पिणं मी सुरू केलेलं नाही. मी ते थांबवू शकत नाही.’ पान बाकावर ठेवलं.

तू खोली चुकली नव्हतीस. तुला ठाऊक असलेली खोली लिहिलीस. दर सोमवारी तू त्या खोलीत बसायचीस, माझ्यामुळं, आणि मी तो दुसरा मुलगा शोधत अभ्यासिकेत कॉलर धरत होतो. आणि चिठ्ठीतलं वेडंवाकडं अक्षर… तुझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजव्यानं लिहिलीस ती. मी बालवाडी म्हणालो.

“हे कुणी लिहिलंय?” मी विचारलं. ओरडूनच विचारलं बहुतेक.

“इथं कोण येतं ते या खोलीच्या बाहेर जात नाही, आणि आतही विचारत नाहीत,” श्यामलाताई म्हणाल्या. “उद्या तुम्ही मला तुळशीबागेत दिसलात तरी मी ओळख देणार नाही. बसा.”

बसलो नाही. उभ्या उभ्याच बोलत सुटलो. जुळ्याचं. खडकवासला, गाडी, बॅगेतली बाटली, वळण. “ती पडली. हात असा उलटा झाला होता. कणीसवाली बाई धावत आली, तिनं ओढणीनं हात बांधला. हा नुसता बघत होता. मग कुणीतरी म्हणालं पोलिसांना फोन करा. वास येत होता ना. गाडी उचलली, आणि तिला तिथंच त्या बाईच्या मांडीवर ठेवून पळून आलो.”

पाचमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, कुणाला न पिता वर्ष झालं असेल.

डबा देणारी बाई खाली बघायला लागली. काकांनी घसा साफ केला. मला अजून कळलं नव्हतं.

“आला की आलो?” श्यामलाताई म्हणाल्या.

“काय?”

“पळून आला, की पळून आलो? चाळीस वर्षं व्याकरण शिकवलंय, कानाला खटकतं. वर्तमानकाळात तुमचं खपून गेलं. तो पितो, मी पितो, सारखंच. भूतकाळात माणूस पकडला जातो.”

रागावून म्हणाल्या असत्या तर मी बाक उलटा केला असता. वहीत लाल रेघ मारावी तसं म्हणाल्या. आणि त्यातल्या एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे माझी गोष्ट त्यांना माझ्याआधी माहीत होती. तू सांगितलेली. जुळा म्हणालो तेव्हापासून त्या मला ऐकत होत्या, माना हलवत होत्या, पराठे देत होत्या.

मी सगळ्यांना काहीतरी बोललो. घाण बोललो. दार ढकलून निघालो, ते अर्थात लागलं नाही.

प्यायलो. बघ, ‘लो’ लिहिलं.


१५ एप्रिल, मंगळवार

कल्याणी,

सात तारखेला गेलो नाही. त्या आठवड्यात उठलोच नाही म्हटलं तरी चालेल.

काल चौदा एप्रिल. आईनं पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. अंघोळ करून तिच्याबरोबर विहारात गेलो. पंचशील तू ऐकलंयस आमच्याकडं, मागच्या वर्षी माझ्या शेजारी उभी राहून, ओढणी डोक्यावर घेऊन. पहिली चार शीलं मी लहानपणापासून म्हणतो तशी मोठ्यानं म्हणतो. पाचवं दारूचं. त्याला मी गेली दोन वर्षं नुसते ओठ हलवतो. एवढ्या माणसांत कुणाला कळतंय.

घरी येताना आई म्हणाली, “चार मोठ्यानं म्हणतोस आणि पाचव्याला मुका होतोस. मला काय ऐकू येत नाही का?”

“पाली आहे ते आई, म्हटलं काय न म्हटलं काय.”

“मग मराठीत म्हण.”

एवढंच. मग तिनं बाबासाहेबांच्या फोटोचा हार सरळ केला आणि खीर ढवळायला गेली. मी दारात उभा. मराठीत एकच वाक्य म्हणायचं होतं, पाठ फिरवलेल्या बाईला. तेही निघालं नाही. तुला तेव्हा मी कितीदा म्हणालो, “घेतो कधीतरी, सोशल.” घेतो. परत वर्तमानकाळ.

संध्याकाळी दादामियाँना फोन केला, त्याच नंबरवर. विचारलं, सुट्टी आहे तर आज मीटिंग आहे का.

“किल्ली माझ्याकडं आहे,” ते म्हणाले. “सुट्टी शाळेला. दारूला कुठं सुट्टी असते?”

“मी त्या दिवशी घाण बोललो सगळ्यांना.”

“ऐकलं. दार उघडं होतं.” मग म्हणाले, “बेटा, मी पण पहिले दोन महिने चारमध्येच बसलो. सांगायचो, बायको नीट वागत नाही म्हणून शिकायला आलोय.”

हसू आलं मला. बऱ्याच दिवसांनी. पण काल गेलो नाही, मिरवणुकीनं बस बंद होत्या. हे कारण खरं आहे. आणि मला बरं वाटलं की ते खरं आहे, हेही खरं.

प्रज्ञेश


२२ एप्रिल, मंगळवार

कल्याणी,

आधी जे पहिल्या पत्रात खोटं लिहिलं ते.

तू उतरली नाहीस. तू म्हणालीस, “किल्ली दे, मी चालवते.” मी दिली नाही. रस्त्यात म्हणालीस, “थांबव, मला उतरायचंय.” मी थांबलो नाही. तू माझ्या खांद्यावर मारत होतीस आणि तुला धडा शिकवायचा म्हणून मी वळणावर वेग वाढवला. दुसऱ्या पत्रात की तिसऱ्यात, मी ‘पडलीस’ लिहिलं. तू पडली नाहीस. मी पाडलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि मी तुझा लिहायचा हात मोडला. हॉस्पिटलात आलो नाही. कॉलेजनं मला काढलं, प्रॅक्टिकलला पिऊन गेलो होतो म्हणून.

हे लिहून तू परत यावीस असं नाही. यावीस असं वाटतं, पण त्यासाठी नाही. उत्तर नको. हॉस्टेलच्या गेटवर, फलटणला, कुठंही मी येणार नाही. पायलला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “ठीक आहे, आता गेटपासून लांब हो.”

काल साडेसहालाच पोचलो. चार नंबर रिकामी होती. माझ्या बाकावर, म्हणजे तुझ्या असेल, बसलो. फळ्यावर कुणीतरी भागाकार अर्धा सोडलेला. मग त्या बायका आल्या, एकेक. डबा देणारीनं मान हलवली. श्यामलाताई त्यांच्या जागी, दाराशी बसल्या, पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही.

“ताई, मला त्या दिवसाबद्दल माफी मागायचीय.”

“मागा.”

“मागितली.”

“बरं.” मग चष्मा वर सरकवत म्हणाल्या, “तुमचा भाऊ कसा आहे?”

“मला भाऊ नाही. मी एकटाच आहे.”

“एकवचन,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही इथं काय करताय?”

तुझ्या अक्षरातलं ते पान त्यांच्या हातात होतं. एकदा बघितलं. मागावंसं वाटलं, घरी न्यावं, उशीखाली ठेवावं. मागितलं नाही. ते तिथं येणाऱ्यांसाठी आहे.

बाहेर कपांचा आवाज येत होता. पाचमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं. चार दिवस घेतली नव्हती. पाचमध्ये काय बोललो ते तुला लिहिणार नाही. तिथलं तिथंच राहतं, तू हे माझ्याआधी शिकलीस. त्याच्या आधीचं तेवढं सांगतो.

उठलो. श्यामलाताईंनी पाय मागं घेतले, मला जायला जागा केली. बाहेर पडलो. मागं वळून दार दोन्ही हातांनी वर उचललं आणि लावून घेतलं.